बावटा कोणाचा, जहाज कोणाचं

मावळात समुद्र नाही. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास पश्चिमेच्या खाडीकडे उतरते, आणि लोणावळ्याच्या बाजूची इंद्रायणी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघते. तरीही समुद्रावर जाणारी माणसं या तालुक्यात जेवढी घडतात, तेवढी किनाऱ्यावरच्याही फार थोड्या तालुक्यांत घडत असतील. लोणावळ्याजवळची आयएनएस शिवाजी ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था १५ फेब्रुवारी १९४५ पासून इथे आहे. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर टाकवे खुर्दला समुंद्रा इन्स्टिट्यूट ऑफ मेरिटाइम स्टडीज आहे. तळेगावहून चाकणकडे जाताना इंदुरीला तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे, १९९८ पासून. या शेवटच्या दोन संस्था व्यापारी जहाजांसाठी अधिकारी तयार करतात. जहाजाचं इंजिन कसं चालतं, हे इथली मुलं सह्याद्रीच्या कुशीत उभ्या केलेल्या इंजिन रूममध्ये शिकतात आणि मग पहिल्यांदा खाऱ्या पाण्यावर पाय ठेवतात.

अशा मुलाच्या घरी काही महिन्यांनी फोटो येऊ लागतात. बॉयलर सूट घातलेला मुलगा, मागे डोलकाठी आणि तिच्यावर चार-पाच रंगीत फडकी. आई-वडील मुलाचा चेहरा न्याहाळतात, फडक्यांकडे कोणी पाहत नाही. ती वाचता आली तर जहाज कुठे आहे, बंदरात आहे की निघालं आहे, पोटात काय भरलं आहे, आणि मुलावर काही प्रसंग आला तर कोणत्या देशाचा कायदा त्याच्या पाठीशी उभा राहणार आहे, हे सगळं कळतं. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. तिथपर्यंत पायरी पायरीने जाऊ.

आधी जागा. मोठ्या व्यापारी जहाजाची राहण्याची आणि चालवण्याची इमारत बहुधा मागच्या बाजूला असते. तिच्या वरच्या मजल्यावर ब्रिज, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती खोली, आणि तिच्या छतावर मुख्य डोलकाठी. डोलकाठीला दोन्ही बाजूंना आडवे हात असतात. त्या हातांवरून कप्पीतून खाली आलेल्या दोऱ्यांवर संकेतांचे बावटे चढतात. जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला एक वेगळी, थोडी कललेली काठी असते. तिच्यावर जहाजाच्या देशाचं निशाण असतं. पुढच्या टोकालाही छोटी काठी असते, तिच्यावर पुष्कळदा कंपनीचा ध्वज लागतो. फोटोत फडकं दिसलं की आधी ते यांपैकी कुठे आहे ते पाहावं, कारण एकाच देशाचं निशाण जागा बदलली की वेगळं बोलतं. मागच्या काठीवरचा तिरंगी कोपऱ्याचा लाल ध्वज म्हणतो, हे जहाज भारताचं आहे. डोलकाठीच्या उजव्या हातावरचा भारताचा ध्वज म्हणतो, हे जहाज परदेशी आहे आणि भारताच्या पाण्यात पाहुणं म्हणून आलं आहे.

ब्रिजवर भिंतीला लागून खणांचं एक कपाट असतं. प्रत्येक खणावर एक अक्षर आणि खणात त्या अक्षराचा बावटा. इंग्रजी वर्णमालेचे २६, आकड्यांच्या १० निमुळत्या पताका, ३ पुनरुक्तीचे त्रिकोणी बावटे आणि १ उत्तराची पताका, मिळून ४०. रंग पाचच वापरतात: लाल, निळा, पिवळा, काळा आणि पांढरा. समुद्रावरच्या धुरकट उजेडात, दुर्बिणीतून, लांबून वेगळे ओळखू येतील असे एवढेच. हिरवा पाण्यात आणि धुक्यात हरवतो. बावट्यांच्या वरच्या-खालच्या टोकांना क्लिपा असतात. त्या एकमेकींत अडकवून माळ करायची आणि दोरी ओढायची. बहुतेक जहाजांवर हे कपाट सेकंड ऑफिसरच्या ताब्यात असतं आणि दोरी ओढायला कॅडेट असतो. दोरी ओढताना आणि सोडताना भारतीय खलाशी पिढ्यान् पिढ्या ‘हबेस’ आणि ‘आरिया’ ओरडत आले आहेत. ‘हबेस’ म्हणजे वर, ‘आरिया’ म्हणजे खाली. मुंबईच्या गोदीत क्रेनखाली उभं राहिलं तर हे शब्द आजही कानावर पडतील.

माळ वरून खाली वाचायची. एकाच दोरीवर दोन वेगळे संदेश असतील तर त्यांच्यामध्ये मोकळी दोरी सोडतात. एकच अक्षर दोनदा हवं असेल आणि कपाटात त्याचा बावटा एकच असेल, तर पुनरुक्तीचे त्रिकोण कामाला येतात. पहिला त्रिकोण माळेतलं पहिलं अक्षर पुन्हा उच्चारतो, दुसरा दुसरं, तिसरा तिसरं. समोरच्या जहाजाने माळ पाहिली की ते आपली उत्तराची लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची पताका अर्ध्यावर चढवतं. संदेश कळला की ती पूर्ण वर नेतं. वायरलेस येण्याआधीच्या काळात दोन जहाजांचं सगळं संभाषण या अर्ध्या आणि पूर्ण चढण्यावर चालायचं.

ही पद्धत ब्रिटनच्या व्यापार खात्याने १८५७ साली प्रथम छापली, तेव्हा १८ बावटे होते आणि त्यांत स्वर मुद्दाम वगळले होते, म्हणजे माळेतून चुकून एखादा अभद्र शब्द उमटू नये. आज वापरात असलेली संहिता १९६५ साली ठरली आणि १९६९ पासून लागू झाली. ती नऊ भाषांत छापली गेली. मला यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते. ग्रीक कप्तान, जपानी पायलट आणि दापोलीचा सारंग यांना एकमेकांची भाषा येत नसली, तरी डोलकाठीवरचं निळं-पांढरं फडकं पाहून तिघांच्याही मनात तोच अर्थ उमटतो. संहितेत अर्थाला अक्षरं दिलेली असतात आणि प्रत्येकाने तो अर्थ आपल्या भाषेत वाचायचा असतो.

आता एक जहाज बंदरात येताना पाहू. न्हावा शेवा धरू, कारण मावळातली मुलं तिथूनच पुष्कळदा चढतात-उतरतात.

भारताच्या हद्दीत शिरताच परदेशी जहाज डोलकाठीच्या उजव्या हातावर तिरंगा चढवतं. हा आदराचा ध्वज. यजमान देशाच्या कायद्याचा मान आम्ही राखू, एवढं तो सांगतो. तो फाटका असला, मळका असला किंवा उलटा लागला तर कित्येक बंदरांत जहाजाला बोलणी खावी लागतात, काही ठिकाणी दंडही होतो. त्यामुळे सेकंड ऑफिसर या एका कपड्याची फार काळजी घेतो. जुन्या खलाशांच्या आठवणींत इथे एक गोड प्रकरण असतं. १९५०-६० च्या दशकांत आफ्रिकेत एकामागून एक देश स्वतंत्र होत होते, आणि जहाज बंदराला लागेपर्यंत तिथलं निशाणच बदललेलं असायचं. नवं निशाण विकत कुठून आणणार? मग जुने बावटे उसवून, पुस्तकातलं किंवा वर्तमानपत्रातलं चित्र पाहून जहाजावरच ध्वज शिवायचा. शिवणकाम येणारा खलाशी त्या आठवड्यात जहाजावरचा सगळ्यांत मोठा माणूस होत असे.

तिरंग्यासोबत पिवळा बावटा चढतो, ‘क्यू’. तो पाहून घाबरण्याचं कारण नाही. कधीकाळी पिवळा रंग साथीच्या जहाजाचा होता. आज त्याचा अर्थ बरोबर उलट आहे. माझ्या जहाजावर सगळे निरोगी आहेत, मला किनाऱ्याशी संपर्काची परवानगी द्या. बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याने परवानगी दिली की तो उतरतो. परवानगी मिळेपर्यंत किनाऱ्यावरून कोणी चढायचं नाही आणि जहाजावरून कोणी उतरायचं नाही. २०२० साली जगभरच्या बंदरांनी ही दारं मिटली तेव्हा या पिवळ्या कापडाचं वजन सगळ्यांना कळलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाने त्या वर्षाच्या शेवटी सुमारे ४ लाख नाविक करार संपूनही जहाजावरच अडकले होते. मावळातल्या संस्थांमधून बाहेर पडलेल्या तेव्हाच्या तरुणांना त्या महिन्यांबद्दल विचारा. घरच्या लग्नांच्या, आजारपणांच्या तारखा त्यांना जहाजाच्या जागेसकट आठवतात.

मग पायलट. मुंबई बंदराच्या चिंचोळ्या वाटेत परका कप्तान एकटा येत नाही. स्थानिक पाण्याची माहिती असलेला पायलट लाँचमधून येतो आणि दोरीच्या शिडीने जहाजावर चढतो. पिवळ्या-निळ्या उभ्या पट्ट्यांचा ‘जी’ म्हणजे पायलट हवा आहे. पांढरा-लाल ‘एच’ म्हणजे पायलट वर आला आहे. आज मागणी रेडिओवर होते, पण ‘एच’ अजूनही चढतो, कारण आजूबाजूच्या मच्छीमार बोटींना, टगना, दुसऱ्या जहाजांना डोळ्यांनी कळायला हवं की हे जहाज आता वाट माहीत असलेल्या माणसाच्या सल्ल्याने चालतं आहे.

आणि लाल. मागच्या बाजूला खाच असलेला, नुसता लाल बावटा, ‘बी’. माझ्या पोटात धोकादायक माल आहे, किंवा तो मी चढवतो-उतरवतो आहे. तेलाचं किंवा गॅसचं टँकर जहाज मुंबईत किंवा न्हावा शेव्याला लागलेलं असेल तर तो दिवसा फडकताना दिसेल आणि रात्री त्याच्या जागी लाल दिवा.

या बावट्याशी मुंबईची एक जखम जोडलेली आहे. १४ एप्रिल १९४४. ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागलेलं होतं. इंग्लंडहून निघताना त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा भरला होता, शिवाय सोन्याच्या विटा. कराचीला त्यावर कापसाच्या गाठी चढल्या. स्फोटकं आणि कापूस एकाच पोटात, हे कोणाही नाविकाच्या अंगावर काटा आणणारं आहे, पण युद्ध चालू होतं आणि जागेची टंचाई होती. जहाजाच्या डोलकाठीवर लाल बावटा नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. पहिली वर्दी गेली ती साध्या आगीची असावी अशी. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, काही वेळाने दुसरा. आजूबाजूची जहाजं फुटली, गोदामं पेटली, जळता कापूस शहरावर पडला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्यासाठी. गोदीतल्या हमालांची, खलाशांची आणि आसपासच्या वस्तीतल्या लोकांची मोजदाद कधीच पुरती झाली नाही; मृतांचा आकडा ८०० ते १,३०० च्या दरम्यान सांगितला जातो.

बावटा असता तर आग लागली नसती, असं कोणी म्हणणार नाही. पण धूर दिसल्यापासून स्फोट होईपर्यंत दोन तास होते. त्या दोन तासांत शेजारच्या जहाजांवरच्या माणसांनी, गाठी उचलणाऱ्या हमालांनी वर पाहिलं असतं तर त्यांना एक लाल कापड दिसलं असतं आणि कोणी न सांगता समजलं असतं की इथून दूर जायचं आहे. संकेताचे बावटे आता जुने झाले, रेडिओ आहे, संगणक आहे, असं जेव्हा म्हटलं जातं तेव्हा मला ही दुपार आठवते. रेडिओ फक्त ज्याच्या हातात असतो त्याच्याशी बोलतो. बावटा गोदीतल्या प्रत्येक माणसाशी बोलतो.

बाकीची अक्षरं भराभर पाहू. लाल-पिवळा तिरका ‘ओ’ म्हणजे माणूस पाण्यात पडला आहे. निळ्या चौकटीत पांढरी आणि तिच्यात लाल चौकट असलेला ‘डब्ल्यू’ म्हणजे वैद्यकीय मदत हवी. पांढऱ्यावर लाल फुली असलेला ‘व्ही’ म्हणजे मदत हवी. लाल-पांढऱ्या चार घरांचा ‘यू’ समोरच्या जहाजाला सांगतो की तू संकटाकडे चालला आहेस. ‘ए’, पांढरा-निळा, खाचेचा, म्हणजे पाण्याखाली पाणबुडे आहेत, हळू आणि लांबून जा. ‘एन’ आणि ‘सी’ एकाखाली एक चढले तर जहाज खरोखरच बुडण्याच्या किंवा तशाच अखेरच्या संकटात आहे. तीन अक्षरांची माळ ‘एम’ने सुरू होत असेल तर ती आजाराविषयी बोलते. आणि निळ्यावर मधोमध पांढरा चौकोन असलेला ‘पी’, म्हणजे जहाज निघतं आहे, सर्वांनी वर यावं. किनाऱ्यावर फिरायला गेलेल्या खलाशाच्या छातीत धस्स होत असे ते या बावट्याने. ज्यांनी मोबाइलच्या आधीची बंदरं पाहिली, ते सांगतात की चहाच्या टपरीवर बसतानाही जागा अशी निवडायची की तिथून आपली डोलकाठी दिसावी.

इथे एक खुलासा. कोकणातल्या बातम्यांत येणारा ‘तीन नंबरचा बावटा’ या संहितेतला नाही. तो जहाजावर चढत नाही, बंदरावर चढतो. हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून बंदर अधिकारी तो लावतात, आणि तो बहुधा कापडाचा नसतो. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. असे १ ते ११ संकेत आहेत. ३ म्हणजे बंदरातच सोसाट्याच्या वाऱ्याची शक्यता, ८ ते १० म्हणजे मोठा धोका, आणि ११ म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे. तीन नंबर लागला की रायगड-रत्नागिरीतल्या होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात.

जहाज माल उतरवतं, ‘पी’ चढतो, ‘एच’ लागतो आणि ते बाहेर पडू लागतं. आता आपल्याला त्याची पाठ दिसते. मागच्या काठीवर निशाण आणि त्याच्या खाली, पोलादावर रंगवलेलं जहाजाचं नाव आणि एका बंदराचं नाव. गाडीच्या पाटीवरचं एमएच-१४ जसं सांगतं की नोंद पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात आहे, तसं हे नाव जहाजाची नोंद कुठे आहे ते सांगतं. जहाज त्या बंदराला आयुष्यात कधी गेलेलं नसलं तरी चालतं.

भारतात नोंदलेल्या व्यापारी जहाजाचं निशाण लाल असतं, वरच्या आतल्या कोपऱ्यात तिरंगा. नौदलाचं पांढरं असतं. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला आयएनएस विक्रांत सेवेत दाखल झाली तेव्हा त्याचं नवं रूप आलं आणि त्यात शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला सोनेरी किनारीचा निळा अष्टकोन आला. समुद्रावर युद्धनौका भेटली की व्यापारी जहाज आपलं निशाण अर्ध्यावर उतरवतं. युद्धनौका आपलं तसंच उतरवून पुन्हा चढवते, आणि मग व्यापारी जहाज आपलं वर नेतं. लोणावळ्याला शिकलेला नौदल अधिकारी आणि इंदुरीला शिकलेला व्यापारी जहाजावरचा अधिकारी एकमेकांना असे नमस्कार करत असतील.

निशाण लावलं म्हणजे जहाज त्या देशाचं झालं का? हा प्रश्न लोणावळ्याला नवा नाही. १७१३ साली कान्होजी आंग्रे घाट चढून आले, त्यांनी लोहगड आणि राजमाची घेतले, आणि त्यांच्यावर पाठवलेल्या पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना कैद केलं. मग शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पुढे केलं, आणि फेब्रुवारी १७१४ मध्ये लोणावळ्याला तह झाला. पिंगळे सुटले, कान्होजी शाहूंच्या बाजूला आले, सरखेल म्हणून आरमाराचे धनी झाले आणि राजमाची त्यांच्याकडेच राहिली. सागरावरचा मोठा करार मावळाच्या मातीत झाला तो असा. त्या काळी कान्होजींचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय कोकणच्या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत जाऊ शकत नसे. मुंबईच्या इंग्रजांशी त्यांचं जे भांडण चाललं, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या जहाजांचं एक वेळ ठीक. पण माल दुसऱ्या व्यापाऱ्याचा, गलबत दुसऱ्याचं, आणि वर इंग्रजी बावटा लावून दस्तकाशिवाय जायचं, हे कान्होजींना मान्य नव्हतं. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. मला त्यांचा प्रश्न पूर्ण कायदेशीर वाटतो: बावटा लावणारा आणि मालक वेगळे असतील तर जबाबदार कोण?

तीनशे वर्षांनी तोच प्रश्न मावळातल्या प्रत्येक कॅडेटसमोर आहे. १९८२ च्या समुद्रकायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजाने एकाच देशाचा ध्वज लावायचा, आणि खुल्या समुद्रात त्या जहाजावर त्याच देशाचा कायदा चालतो. सोयीनुसार दोन ध्वज वापरणाऱ्या जहाजाला एकाही देशाचं संरक्षण मागता येत नाही. देशाला समुद्र नसला तरी तो ध्वज देऊ शकतो. चारही बाजूंनी जमिनीने वेढलेल्या मंगोलियाची जहाजनोंदणी आहे. करार असंही म्हणतो की देश आणि जहाज यांच्यात खरा संबंध असावा, पण तो कसा मोजायचा ते सांगत नाही. त्या फटीतून सोयीचे ध्वज आले. जगातल्या जहाजांच्या एकूण वजनापैकी फार मोठा हिस्सा लायबेरिया, पनामा आणि मार्शल आयलंड्स या तीन देशांत नोंदलेला आहे. लायबेरिया आणि मार्शल आयलंड्स यांच्या नोंदणीचा कारभार अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातून चालतो. मालक एका देशातला, चालवणारी कंपनी दुसऱ्या, ध्वज तिसऱ्या, आणि जहाजावरची माणसं रत्नागिरी, मावळ, मनिला आणि ओडेसाची, ही आता रोजची गोष्ट आहे. असा ध्वज म्हणजे जहाज वाईट, असं मात्र धरू नये. या तीन नोंदणींतली पुष्कळ जहाजं उत्तम चालवलेली असतात. धोका आहे तो पत्ता नसलेल्या, लहान किंवा खोट्या नोंदणीच्या ध्वजांचा.

आपल्या देशाच्या ध्वजाखाली आपलं जहाज असावं, यासाठी या भागातल्या लोकांनी काय केलं तेही इथे सांगायला हवं. सोलापूरचे वालचंद हिराचंद, ज्यांच्या कंपनीने बोरघाटातले रेल्वेचे बोगदे खोदले, त्यांनी नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांच्यासह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. जहाज भारतीयांचं, पैसा भारतीयांचा, पण मागच्या काठीवर निशाण ब्रिटिशांचं, कारण दुसरं लावायला देशच नव्हता. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे. या कंपनीच्या विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेली ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरली तेव्हा वर तिरंगा होता.

त्याआधीच्या पिढ्या दुसऱ्याच्या निशाणाखाली मेल्या. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या २ हजारांहून अधिक भारतीय खलाशांचं स्मारक आहे. समुद्राखेरीज त्यांना दुसरी कबर नाही. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या भट्ट्यांवर, डेकवर, भटारखान्यात हे लोक होते, कोकणातले, गोव्याचे, सिल्हेटचे. ब्रिटनमध्ये दर ३ सप्टेंबरला सार्वजनिक इमारतींवर लाल निशाण चढवून व्यापारी नाविकांची आठवण काढतात. त्या लाल कापडात आपल्या माणसांचाही वाटा आहे.

म्हणून करारावर सही करण्याआधी ध्वज पाहावा, असं मी मावळातल्या घरांना कळकळीने सांगते. मुलाला नोकरी देणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा परवाना, ज्याला आरपीएसएल म्हणतात, आहे का ते महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासावं. परवान्याशिवायचा एजंट कितीही गोड बोलला तरी नको. करारात जहाजाचं नाव, आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) क्रमांक आणि ध्वज लिहिलेला असतो. नाव आणि ध्वज बदलता येतात, आयएमओ क्रमांक जहाजाच्या जन्मापासून मोडीत जाईपर्यंत तोच राहतो, त्यामुळे त्यावरून इतिहास शोधता येतो. ध्वज देणाऱ्या देशाने २००६ चा सागरी श्रम करार मान्य केला आहे का ते पाहावं. हा करार २० ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे आणि भारताने तो २०१५ साली स्वीकारला. २०१७ पासून त्यात एक फार मोलाची तरतूद आहे: मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, जेवण-पाणी, औषध आणि घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळाला पाहिजे, आणि त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. पहिल्या दिवशी जहाजावर चढल्यावर मुलाने आपली ‘नळी’, म्हणजे सीडीसी हे नाविकाच्या नोंदींचं पुस्तक, कप्तानाकडे दिली की नोटिस बोर्डासमोर उभं राहून तो कागद शोधावा, त्यावरची विमा कंपनी, मुदत आणि आपत्कालीन फोन क्रमांक मोबाइलवर टिपून घ्यावा आणि तो फोटो घरी पाठवावा.